संरक्षण कुणाचे?

ज्या वायूला आपल्या भाषेने प्राणवायू असे गौरवाचे नाव दिले, तोच लोखंडाला गंज आणतो आणि चिरलेले सफरचंद काळे पाडतो. देहातही त्याचे वर्तन फारसे निराळे नसते. पेशी अन्नाचे ज्वलन करतात तेव्हा प्राणवायूचा अल्पसा अंश सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी उच्छृंखल रूपे धारण करतो आणि पेशींचे आवरण, प्रथिने, प्रसंगी जनुके यांनाही इजा करतो. निसर्गाने त्यावर पहारेकरी नेमले आहेत. मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ साली सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचे कार्य उलगडले. ते सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते आणि कॅटलेज हे दुसरे विकर त्याचे पाणी व प्राणवायू करून टाकते. ग्लुटाथायोन हा तिसरा पहारेकरी. हल्ला वाढला किंवा पहारा ढिला पडला, की त्या स्थितीला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात.

या पावसाळ्यात आमच्या थोरल्या बंधूंना रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. परमुलखात नातलगांची उणीव शेजारी भरून काढतात. दिल्लीच्या आमच्या सरकारी वसाहतीतील मराठी मंडळी आस्थेने धावून आली आणि घरात गोळ्यांच्या बाटल्या जमू लागल्या. ‘ई’ जीवनसत्त्व, एन-ॲसिटिल सिस्टीन अशी नाना नावे. अभिवचन मात्र एकच, की आत अँटिऑक्सिडंट आहे. या रोगात रक्तामध्ये ऑक्सिडीकरणाच्या ताणाच्या खुणा वाढलेल्या आढळतात हे खरेच आहे. तेव्हा उणीव भरून काढावी, हा युक्तिवाद कुणालाही पटावा असाच होता.

परंतु पहारा हवा तो कुणाच्या घरावर? भराभर वाढणारी रोगी पेशी स्वतःच या ताणात जगते आणि तग धरण्यासाठी ग्लुटाथायोनचाच आश्रय घेते. बंधूंचा प्रकार प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाचा. त्यावरील एक प्रमुख औषध म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड, अर्थात आपला सोमल! चीनमधील हार्बिन येथील डॉक्टरांनी १९७० च्या दशकात त्याचा उपयोग आरंभिला. हे विष आपले काम काही अंशी तो ताण वाढवूनच करते. ज्या पेशीत ग्लुटाथायोन कमी, तिच्यावर त्याचा प्रभाव अधिक. आणि एन-ॲसिटिल सिस्टीन तर ग्लुटाथायोनचाच कच्चा माल! प्रयोगशाळेत त्याने रोगी पेशींना सोमलापासून वाचवल्याचे दिसले आहे. पहारेकऱ्याला आपपरभाव ठाऊक नसतो.

आम्ही साऱ्या बाटल्यांची यादी करून डॉक्टरांपुढे ठेवली. जेवणातील शिजवलेल्या भाज्या आणि स्वच्छ धुतलेली फळे यांना त्यांची हरकत नव्हती. गोळ्या मात्र उपचार संपेपर्यंत कपाटात राहाव्यात, असे त्यांनी बजावले. बंधूंना त्या वेळी खरी निकड होती ती प्लेटलेट्सची. या रोगात रक्तस्रावाचे भय फार. हे कळताच त्याच शेजाऱ्यांपैकी चौघे रक्तपेढीत जाऊन बसले. उपचार अजून चालू आहेत. पण तो कठीण आठवडा सरला.

वाचकहो, प्रेमाला काहीतरी हाती घेऊन जावेसे वाटते, हे आम्ही जाणतो. तथापि औषधाच्या दारी प्रेमानेही परवानगी मागावी. रुग्णाकडे रिकाम्या हातांनी गेलात तरी चालेल. रक्तपेढीचा पत्ता तेवढा विचारून घ्या.