ऊन तेवढंच, मग पाणी कमी का?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांनी सौर पंप बसवलाय आणि जे अर्ज भरून नंबरची वाट बघतायत, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न राजकारणाचा नाही. तो असा आहे : "पत्रकारसाहेब, शेजाऱ्याचा पंप पाचचा, माझाही पाचचा. ऊन दोघांवर एकच. त्याचं भिजवून चार वाजता होतं, माझं दिवस मावळला तरी होत नाही. असं का?"

कंपनीला फोन लावला की पलीकडून उत्तर येतं, "ढगाळ असेल, काका." ऐन एप्रिलमध्ये, आभाळात कापसाएवढा ढग नसताना! अशा तीन-चार शेतांवर मी जाऊन आलो. कारणं खूप असू शकतात. विहिरीची पातळी, काचेवरची धूळ, दुपारनंतर पडणारी लिंबाची सावली, ढिला जॉइंट, पंपाचाच दोष, नाहीतर पॅनलचा. यातलं नेमकं कोणतं, हे मोजल्याशिवाय कळत नाही. आणि मोजायला कुणी येत नाही. लेखी तक्रार झाली की माणूस येतो, पॅनलवर फडकं मारतो, सही घेतो आणि जातो.

म्हणून मी उलट बाजूने शोध घ्यायला लागलो. पॅनल चांगलं की वाईट हे मुळात ठरतं कुठे, आणि ते मोजतं कोण? त्यातून जे हाती आलं ते सांगतो.

प्रकाश पडला की काही पदार्थांतून वीज जास्त सहज वाहते, हे जगाला कळलं एका न जुळणाऱ्या आकड्यामुळे. १८७३ सालची गोष्ट. विलोबी स्मिथ नावाचे इंग्रज विद्युत अभियंते समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबल तपासण्यासाठी सेलेनियमच्या कांड्या वापरत होते. कांडी तीच, पण तिचा विद्युतरोध दर वेळी वेगळा यायचा. "हवामान असेल" म्हणून त्यांनी विषय सोडला नाही. कांड्या सरकत्या झाकणाच्या पेटीत ठेवून पाहिल्या. झाकण लावलं की रोध सगळ्यात जास्त, उघडलं की लगेच कमी. जेवढा उजेड जास्त, तेवढी वीज सहज जाणार. आज आपल्या शेतात उभी असलेली पॅनलं याच प्रकाश आणि विजेच्या नात्यावर चालतात.

आता सिलिकॉनच्या पॅनलात काय होतं? ऊन पडलं की आतले इलेक्ट्रॉन मोकळे होतात. पण मोकळे झाले म्हणजे वीज मिळाली असं नाही. सेलमधल्या ज्या थरात त्यांची वेगळी वाट लागते, तिथपर्यंत ते पोचायला हवेत. वाटेत अशुद्धी किंवा स्फटिकातला दोष आडवा आला, की इलेक्ट्रॉन परत रिकाम्या जागेत बसतो आणि त्याची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.

कालव्याच्या गावांना हे वेगळं सांगायला नको. वरून आवर्तन सगळ्यांसाठी सारखंच सुटतं. पण चारीला घुशींची बिळं किती, यावर टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळणार की नाही ते ठरतं. ऊन म्हणजे सोडलेलं आवर्तन. सिलिकॉनमधली अशुद्धी म्हणजे ती बिळं.

इलेक्ट्रॉन किती वेळ मोकळा टिकतो, याला आयुष्यकाल म्हणतात. तो मोजतात मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात. सिलिकॉनची चकती, जिला कारखान्यात वेफर म्हणतात, साधारण १५० मायक्रॉन जाडीची असते. आयुष्यकाल १ मायक्रोसेकंद असेल तर इलेक्ट्रॉन जेमतेम ५० मायक्रॉन जाऊ शकतो, म्हणजे खोलवर मोकळे झालेले बरेचसे वाटेतच संपणार. तोच १०० मायक्रोसेकंद असेल तर तो अर्धा मिलिमीटर जातो, चकतीच्या जाडीच्या तिप्पट. दोन्ही चकत्या दिसायला अगदी सारख्या. डोळ्यांनी फरक कळणं शक्यच नाही.

मग मोजायचं कसं? मल्टिमीटरच्या पिना लावायच्या तर टेकवलेल्या जागेचा स्वतःचा रोध मध्ये येतो, कोऱ्या चकतीवर ओरखडा पडतो आणि धातूचा अंश लागून चकती बिघडू शकते. यावरची युक्ती म्हणजे मायक्रोवेव्ह. घरातल्या मायक्रोवेव्हमध्ये असतात तशाच लहरी, फक्त तिथे २.४५ गिगाहर्ट्झच्या आणि इथे साधारण १० गिगाहर्ट्झच्या. ताकद इतकी कमी की चकती गरमही होत नाही.

धातूवर या लहरी आपटून परत येतात. चकतीवर लेसरचा क्षणभराचा झोत मारला की मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे ती क्षणभर थोडी धातूसारखी वागते, वीज जास्त वाहू देते, आणि परत येणाऱ्या लहरींचं प्रमाण वाढतं. झोत थांबला की ते पुन्हा उतरू लागतं. पडद्यावर ती उतरण दिसते. झपकन उतरली तर बिळं जास्त. सावकाश उतरली तर माल चांगला. चकतीला कुठेही तार जोडावी लागत नाही.

यातही बारकावे आहेत. कोऱ्या चकतीचा पृष्ठभागच बरेच इलेक्ट्रॉन गिळतो. तो दोष झाकण्यासाठी प्रयोगशाळेत चकती आयोडीन घातलेल्या अल्कोहोलमध्ये बुडवून मोजतात. जखमेला लावायचं टिंचर आठवा, जवळपास तेच. आणि बोरॉन मिसळलेल्या सिलिकॉनमध्ये लोखंड किती शिरलंय हेही कळतं. एकदा मोजायचं, मग प्रखर प्रकाश मारून लोखंड आणि बोरॉन यांच्या जोड्या फोडायच्या, पुन्हा मोजायचं. दोन आकड्यांमधल्या फरकावरून लोखंडाचा हिशोब लागतो. पाच हजार कोटी सिलिकॉन अणूंमागे लोखंडाचा एक अणू असला तरी आयुष्यकाल ढासळतो!

ही पद्धत नवीन नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला आणि जर्मनीत बर्लिनला यावर अनेक वर्षं काम झालं. बर्लिनच्या कुन्स्ट आणि बेक यांचा यावरचा गाजलेला शोधनिबंध १९८६ सालचा आहे. आता कारखान्यांत यंत्रं चकतीवर बिंदूबिंदूने फिरून तिचा नकाशा काढतात. बहुस्फटिकी सिलिकॉनच्या विटांचा कुठला भाग कापून टाकायचा हेही अशा नकाशावरून ठरवतात, कारण भट्टीच्या भांड्याला लागून असलेला भाग अशुद्ध निघतो. सडका भाग कापून उरलेला भोपळा वापरावा, तसंच.

आणि ही विद्या आपल्याला परकी आहे असंही नाही. कलकत्त्यात १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी मिलिमीटर लांबीच्या लहरी दुरून सोडून घंटा वाजवून दाखवली होती. गॅलेना या खनिजाचा त्यांचा शोधक अशा लहरींना आणि प्रकाशालाही प्रतिसाद द्यायचा. त्याचं अमेरिकी पेटंट १९०४ सालचं आहे. लहरी, प्रकाश आणि स्फटिक, तिन्ही गोष्टी सव्वाशे वर्षांपूर्वी एका भारतीय माणसाच्या टेबलावर होत्या.

आज काय आहे? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ च्या अहवालात सांगितलं, की सौर पॅनलच्या निर्मितीच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त आहे, आणि पॉलिसिलिकॉन व वेफरमध्ये तो ९५ टक्क्यांच्या पुढे जाईल. आपल्याकडे पॅनल जोडणारे कारखाने भरपूर झाले, सेलचेही वाढतायत. केंद्राने उत्पादन प्रोत्साहनासाठी आधी ४,५०० कोटी आणि मग २०२२ मध्ये १९,५०० कोटी जाहीर केले. कुसुमच्या पंपांना देशी सेल आणि देशी पॅनलची अट आहे, चांगलंच आहे. पण तो देशी सेल ज्या कोऱ्या चकतीवर बनतो, ती बाहेरून आणायला आत्तापर्यंत मुभा राहिली आहे. म्हणजे मी वर सांगितलेलं मोजमाप जिथे पहिल्यांदा होतं, ती जागा बहुतेक वेळा देशाबाहेर असते. माल आपण घेतो, मापाचा काटा दुसऱ्याच्या दुकानात!

उद्या तालुक्याला मायक्रोवेव्हचं यंत्र आणा, असं मी म्हणत नाही. त्याचा उपयोगही नाही. तयार पॅनलात धातूच्या पट्ट्या आणि तारा असतात, लहरी त्यांच्यावरच आपटतील. हे माप चकतीच्या पातळीवरचं. ते सेल बनवणाऱ्या कारखान्यात आणि नमुने तपासणाऱ्या स्वतंत्र प्रयोगशाळेत कसोशीने झालं पाहिजे. आयआयटी मुंबईत २०१० पासून सौर विजेच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. त्यांनी देशभर फिरून पॅनलांची पाहणी केली, तेव्हा मोठ्या प्रकल्पांपेक्षा छोट्या बसवणीची पॅनलं जास्त वेगाने खराब होताना दिसली. मोठ्या प्रकल्पाकडे मोजणारा इंजिनिअर असतो. शेतकऱ्याकडे कोण आहे?

तयार पॅनलासाठी साधी साधनं आहेत. कारखान्यातून निघताना प्रत्येक पॅनलची ठरलेल्या प्रकाशात चाचणी होते. सरकारी योजनांच्या पॅनलमध्ये आरएफआयडी टॅग असणं बंधनकारक आहे. सेल कुणी बनवला, पॅनल कुणी बनवलं, कोणत्या महिन्यात, कोणत्या देशात, चाचणीत किती वॅट मिळाले, हे सगळं त्या टॅगमध्ये असतं. म्हणजे आपल्या पॅनलची जन्मपत्रिका आपल्याच शेतात उभी आहे. पण ती वाचायचं यंत्र आपल्या तालुक्यात कुणी पाहिलंय का? मी विचारत फिरलो. मला एकही सापडलं नाही.

म्हणून मागण्या तीनच आहेत.

एक, पंप बसवताना प्रत्येक पॅनलच्या चाचणीचा कागद शेतकऱ्याच्या हातात द्या.

दोन, उपविभागाला एक टॅग वाचणारं यंत्र, एक करंट-व्होल्टेजचा आलेख काढणारं यंत्र आणि एक थर्मल कॅमेरा ठेवा. तक्रार आली की शेतावर जाऊन मोजा आणि आकडा लेखी द्या.

तीन, पुरवठा झालेल्या लॉटमधून नमुने काढून स्वतंत्र प्रयोगशाळेत पाठवा आणि निकाल सर्वांसाठी खुला करा.

'मागेल त्याला' योजनेत शेतकरी स्वतःचे १० टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ५ टक्के. बाकीचे पैसेही तुमच्या-आमच्या कराचेच. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी कागदावर आहे. पण बिघाड मोजलाच नाही तर हमी लागू करणार कशाच्या जोरावर? "ढगाळ असेल" हे काही रीडिंग नाही.

तुमच्याकडे पंप असेल तर कॉमेंटमध्ये एवढंच लिहा : किती एचपी, कोणत्या महिन्यात बसवला, चाचणीचा कागद मिळाला का, आणि तक्रारीनंतर कुणी यंत्र घेऊन आलं का. नाव-गाव नको असेल तर मेसेज करा. सगळ्यांची यादी करून ती निवेदनासोबत उपविभागाच्या कार्यालयात देणार आहे. पोचपावतीचा फोटो इथेच टाकतो.