साळावच्या पुलापलीकडले रोपांचे घर

अलिबागहून मुरूडला जाताना रेवदंड्याची खाडी ओलांडली की गाडीची खिडकी उघडी ठेवा. साळाव, कोर्लई, काशीद असा रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो. उन्हाळ्यातल्या दुपारचा तो पश्चिमेचा वारा अंगावर घेतलात, तर माझे पुढचे सांगणे निम्मे कळेल.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्टीतल्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. सुपारी फळायला पाच-सात वर्षे लागतात. रोप मेले की पुन्हा पहिल्यापासून. मुरूडच्या अलीकडे एका घरी गेलो, तर परसातल्या प्लॅस्टिकच्या घरात निम्मी रोपे करपलेली. "साहेब, घाटावर पाहून पंखे आणले, ओला पडदा लावला, तरी आत भट्टीच!" वहिनी म्हणाल्या.

पिशवीतली दोन तापमापके काढली. एकाच्या बुडाला ओले फडके गुंडाळून दोन्ही बाहेर सावलीत, वाऱ्यावर टांगली. कोरडे ३३ अंश, ओले २८. ओला पडदा हवेला या २८ च्या खाली नेऊच शकत नाही. घाटावर एप्रिलच्या दुपारी हाच फरक ३८ आणि २१ असा असू शकतो. तिथे पडद्याचा खर्च फिटतो. इथला वारा आधीच पाणी प्यालेला. पडद्याने चार अंश उतरतील, पण दमटपणा वाढून बुरशीला आवतण. शिवाय वीज गेली की बंद घर बघता बघता तापते, आणि खाऱ्या हवेने मोटारी गंजतात त्या वेगळ्याच.

मग आम्ही चारही बाजूंचे प्लॅस्टिक कमरेच्या वरपर्यंत गुंडाळून तिथे जाळी लावली. फार बारीक जाळी नको, वारा अडतो. गरम हवा वर चढते, म्हणून आढ्याला लांब फट ठेवली. तिचे तोंड पूर्वेला, म्हणजे वारा आत न घुसता हवा ओढून नेतो. निम्मी सावली देणारे हिरवे कापड छताला न चिकटवता हातभर वर ताणले. पंखा एकच ठेवला, वारा पडेल त्या वेळेपुरता. पुढच्या मे महिन्यात रोपे हिरवी दिसली.

तुम्ही असे घर बांधाल, तर छताचे प्लॅस्टिक खिळ्यांनी ठोकू नका, दोरीने बांधा. वादळाचा इशारा आला की घरातल्या दोघांना ते घटकाभरात उतरवता आले पाहिजे. वहिनींनी दोरीच्या गाठी मला सोडूनही दाखवल्या.