कडी

जबलपूरला राइट टाउनमधील आमच्या घरी वडील रोज रात्री कंदील घेऊन दारांच्या कड्या पाहत फिरत. सातही कड्या हाताने चाचपल्यावाचून त्यांना झोप येत नसे.

आता तेथे आई एकटीच असते. तिच्यावर नजर राहावी म्हणून मी ओसरीत कॅमेरा बसविला आणि निर्धास्त झालो. गेल्या दिवाळीत राउटरवरील जोडलेल्या उपकरणांची यादी सहज उघडली. घरात माणसे दोन, यादीत नावे नऊ! एकेकाची ओळख पटवीत गेलो. एक तेवढे ओळखू येईना. नावाच्या जागी नुसते आकडे. तो निघाला कॅमेराच! त्याचा सांकेतिक शब्द अजून कारखान्यातलाच होता.

२०१६ साली ‘मिराई’ ही घातकी आज्ञावली अशाच, मुळातले सांकेतिक शब्द न बदललेल्या कॅमेऱ्यांत आणि राउटरांत शिरली. साठेक ठरीव जोड्या ती लावून पाही. २१ ऑक्टोबरला अशा असंख्य उपकरणांच्या माऱ्याने ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास विस्कळीत झाले. उपकरण बंद करून सुरू केले की ती पुसली जाई. पण शब्द तोच राहिला, तर पुन्हा शिरे.

मी शब्द बदलला, बाहेरून येण्याची वाट बंद केली, कॅमेरा वेगळ्या जाळ्यावर ठेवला. आई पाहत होती. म्हणाली, “म्हणजे इतके दिवस मला आणखी कोणी बघत होतं का रे?”

राउटरची नोंदवही उघडली. तीत केवळ चार दिवसांच्या नोंदी उरल्या होत्या.