बघणाऱ्या बायका

श्रावणातली दुपार पुण्यातल्या वारज्यात उतरते तेव्हा ऊन आणि पाऊस यांचं आपसांत काहीच ठरलेलं नसतं. सिंहगडाच्या बाजूने एक सर येते, महामार्गावरच्या ट्रकांच्या ताडपत्र्या भिजवते, पूल ओलांडते आणि तिच्या मागोमाग धुतलेलं, कोवळं ऊन मुठेच्या काठावर येऊन रेंगाळतं. अशा दुपारी मी हातात पुस्तक घेऊन खिडकीशी बसते आणि बघता बघता इंग्लंडातल्या एका खेड्यात पोचते. तिथेही नुकताच पाऊस पडून गेलेला असतो, गुलाबांच्या वाफ्यांतून ओल्या मातीचा वास येत असतो, पांढऱ्या केसांची, निळ्या डोळ्यांची एक म्हातारी खुर्चीत बसून लोकर विणत असते, किटलीतलं पाणी नुकतंच गुणगुणायला लागलेलं असतं, आणि शेजारी पाद्रीबाबांच्या अभ्यासिकेत, त्यांच्या लिहिण्याच्या टेबलावर डोकं टेकून, गावातला एक कर्नल मरून पडलेला असतो.

बाकी सगळं शांत.

या शांततेची मला ओढ का वाटावी, हे कोडं मला कुठल्याही खुनापेक्षा मोठं वाटत आलं आहे. अ‍ॅगाथा ख्रिस्तीने सेंट मेरी मीड हे गाव वसवलं ते कागदावर. ही म्हातारी, मिस मार्पल, 1927 साली एका कथेतून आली आणि 1930 च्या ‘द मर्डर अ‍ॅट द व्हिकारेज’ या कादंबरीत आपल्या बागेसकट, आपल्या कुंपणासकट कायमची राहायला आली. मी लहानपणी वाचनालयातून आणलेल्या, पानं सुटलेल्या मराठी रहस्यकथांमध्ये वाढले. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, त्यांचा धनंजय, पुढे सुहास शिरवळकरांचे नायक, ही सगळी धावणारी माणसं. त्यांच्या मोटारींचे दिवे मुंबईच्या काळोखात झपकन वळायचे, खिशात पिस्तूल असायचं, आणि शेवटच्या पानापर्यंत आपल्याला धाप लागायची. त्या जगात गुडघे दुखणारी म्हातारी मला कधी भेटली नाही. मार्पलबाई मात्र कुठेच धावत नाहीत. त्या वाफ्यातलं तण उपटतात, पक्षी बघायला म्हणून दुर्बीण डोळ्यांना लावतात, आणि कोण कुठल्या फाटकातून आत गेलं, कुणाची पर्स आज हातात नव्हती, कोण हसलं आणि कोण हसायचं विसरलं, हे सगळं विणकामाच्या टाक्यांबरोबर मनात घालत जातात.

त्यांचा भाचा लेखक आहे, शहरात राहतो. त्याला हे गाव म्हणजे साचलेलं डबकं वाटतं. मावशी रागावत नाहीत. डबक्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात केवढी वळवळ दिसते, एवढंच त्याला सुचवतात. खुनी शोधण्याची त्यांची रीतही तशीच, थेंबाथेंबाची. एखाद्या उमरावाकडे बघून त्यांना गावातला कुणीतरी साधा माणूस आठवतो, त्याने कधीकाळी केलेली लबाडी आठवते, आणि त्या लबाडीच्या उजेडात उमरावाचा चेहरा एकदम ओळखीचा होतो. माणसं इथूनतिथून सारखीच, हा त्यांचा एकमेव सिद्धान्त. माणसाबद्दल त्या नेहमी वाईटात वाईट धरून चालतात, आणि तरीही त्याच्या पेल्यात चहा ओतताना त्यांचा हात कापत नाही. हे मला फार दिवस कळत नव्हतं. इतकं वाईट माहीत असून इतकं हळुवार कसं राहता येतं?

वारज्याला राहायला आल्यावर मला त्यांचं एक वेगळंच पुस्तक जवळचं झालं. ‘द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड’, 1962 सालचं. त्यात सेंट मेरी मीड बदललं आहे. गावाला लागून नव्या घरांची वसाहत उभी राहिली आहे, सगळे तिला ‘डेव्हलपमेंट’ म्हणतात. सुपरमार्केट आलं आहे, डॉक्टरांनी बाईंना बागकाम करायला मनाई केली आहे, सोबतीला ठेवलेली बाई लहान मुलाशी बोलावं तशी त्यांच्याशी बोलते. एके दिवशी तिची नजर चुकवून म्हातारी त्या नव्या वसाहतीत फिरायला जाते. मला ती चाल डोळ्यांसमोर दिसते. ती चालत येते ती थेट आमच्या गल्लीत. शेताच्या बांधांवर उठलेल्या सोसायट्यांच्या भिंती, गेटवर वॉचमनची खुर्ची, पार्किंगमध्ये धूळ खाणाऱ्या सायकली, गावठाणाच्या तोंडाशी एखाद-दुसरं कौलारू घर, आणि त्याच्या डोक्यावरून वाकून बघणारे दहा-अकरा मजले. बाईंना तिथे काय दिसतं? घरं नवी, कपडे नवे, बोलणं नवं, माणसं जुनीच.

त्या फेरफटक्यात त्या पडतात. त्यांना उठवायला एक बाई धावत येते, घरात नेऊन बसवते, चहा करून देते, भरभरून बोलत राहते. कनवाळू बाई. पण ख्रिस्तीने तिच्यात एक बारीक खोट ठेवली आहे. ती सगळ्यांसाठी सगळं करते, समोरच्याकडे मात्र कधी बघत नाही. आपल्या चांगुलपणाचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो, हे तिच्या ध्यानीमनीही येत नाही. आणि तिच्या मरणाचं मूळ तिच्या या न बघण्यात निघतं. पुस्तक मिटलं की मला खुनी आठवत नाही, ही बाई आठवते. कारण ती मला रोज भेटते. पुष्कळदा आरशात.

मी पेठेतल्या वाड्यातून इथे आले ते बघणाऱ्या डोळ्यांना कंटाळून. नळावर, जिन्यात, ओट्यावर, सगळीकडे डोळे. कुणाकडे पाहुणे आले, कुणाच्या पोरीला किती वाजले, कुणाच्या घरात आज आवाज चढला. इथे मला दाराआड नाहीसं होता येत होतं. केवढं सुख.

पण त्या वाड्यातल्या मोठ्या माणसांनी आणखी एका बघण्याबद्दल सांगितलं होतं. अ‍ॅगाथा ख्रिस्ती गेली 12 जानेवारी 1976 ला. पुण्यात ज्याला पुढे जोशी-अभ्यंकर खून असं नाव पडलं, ती मालिका सुरू झाली त्याच जानेवारीत. मार्च 1977 पर्यंत दहा माणसं गेली, त्यांत संस्कृतचे वयोवृद्ध पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते, त्यांचं जवळजवळ अख्खं घर होतं. संध्याकाळ झाली की रस्ते ओस पडायचे, दिवसा उघडी असणारी दारं बंद झाली, दारांना साखळ्या आल्या, भिंगं बसली. मारणारी चित्रकला शिकणारी पोरं होती, शहराच्या रोजच्या ओळखीतली. शेवटचा देह त्यांनी लोखंडी शिडीला बांधून नदीत टाकला, आणि नदीने तो बंडगार्डनकडे वर आणला. 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. आमच्या वारज्याचं हे पाणी पुढे जाऊन त्या पाण्याला मिळतं, असं पुलावरून जाताना कधीतरी मनात येतं आणि मी कठड्यापासून हात काढून घेते. त्या गोष्टीत किटली नव्हती, गुलाब नव्हते, शेवटच्या प्रकरणातला उजेडही नव्हता. उरलं ते भिंगातून बघणं. पलीकडच्याला गोल, वाकडा, संशयित करून दाखवणारं.

मग समोरच्या आजी कुठल्या बघणाऱ्यांतल्या, हा प्रश्न मला पडला.

आजी सेफ्टी डोअर उघडं टाकून दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या असतात. मांडीवर ताट, ताटात मेथी नाहीतर तांदूळ, आणि नजर जिन्याकडे. एका सकाळी दहा वाजून गेले तरी शेजारच्या एकट्या राहणाऱ्या काकांच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकत होती. पिशवीवरचं दव सुकून गेलं होतं. जाणारे-येणारे आम्ही सगळे तिच्या शेजारून गेलो. आजी उठल्या.

“चपला इथे आहेत, बूट नाहीत,” त्या मला म्हणाल्या. “म्हणजे लांब गेलेत. दूधवाल्याला सांगितलं नाही, म्हणजे रात्री अचानक गेलेत. आणि हे बघ, कुंडीत पाणी घातलंय. इतक्या घाईत पाणी घातलं, म्हणजे लवकर परत येऊ याची खात्री नव्हती.” मग पिशवी कडीवरून काढत त्या पुटपुटल्या, “वाईची बहीण अंथरुणाला खिळली होती गं त्यांची.”

दूध त्यांनी तापवून ठेवलं. दिवसभर काही बोलल्या नाहीत. रात्री नवाच्या पुढे काकांची पावलं जिन्यात वाजली, किल्ली कुलपात जायच्या आधी आजींचं दार उघडलं. “आधी अंघोळ करून घ्या,” त्या म्हणाल्या, “पिठलं-भात झाकून ठेवलाय.” काकांनी मान हलवली. तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी विचारलंही नाही. जिन्यातल्या पिवळ्या दिव्याखाली ते किल्ली हातात धरून नुसते उभे राहिले, आणि मग एवढा मोठा माणूस, दाराच्या चौकटीला खांदा टेकून, रडला.

तीच बूट-चपलांची बारीक नोंद, तेच टाक्याला टाका जोडत जाणं, तोच निष्कर्ष कुणी मरण पावल्याचा. इंग्लंडात या धाग्याचं टोक फासाच्या दोरापाशी निघतं. इथे ते एका झाकलेल्या ताटापाशी निघालं. चोंबडेपणा आणि माया यांच्यामध्ये मी वाड्यात असताना जी जाडजूड भिंत धरून चालले होते, ती इतकी पातळ असेल असं वाटलं नव्हतं. डोळ्यांवाचूनची दया आंधळी चालते आणि कुणाच्याही पायावर पाय देते. दयेवाचूनचे डोळे भिंग होऊन दारात बसतात. दोन्ही एका देहात नांदणं अवघड असतं, आणि बहुधा त्याला बराच जन्म जावा लागतो, गुडघे दुखावे लागतात, एका जागी बसावं लागतं.

परवा आजींना मी मार्पलबाईंबद्दल सांगितलं. एक म्हातारी आहे, लग्न केलेलं नाही, खेड्यात राहते, विणत बसते, सगळ्यांवर तिचं बारीक लक्ष असतं, आणि खून झाला की पोलिसांच्या आधी तिला खुनी कळतो. आजी मेथीच्या काड्या मोडत ऐकत होत्या.

“किती खून झाले गावात?”

“बारा कादंबऱ्या आहेत, आजी. कथा वेगळ्या. सगळेच त्या गावात नाही झाले, पण झाले पुष्कळ.”

आजींनी हातातली जुडी ताटात ठेवली.

“आणि एवढं सगळं दिसत होतं तिला,” त्या म्हणाल्या, “तर आधीच का नाही गं बोलली कुणाशी?”