पाचवे पाकीट

सणासुदीला परगावी जाऊ नये, असे माझ्या सासूबाई म्हणत. भाडे दुप्पट, गर्दी चौपट आणि पदरात पडते ती पायपीट, असा त्यांचा हिशेब. तरीही २०२२ च्या नवरात्रात आम्ही उभयतांनी बेळगावहून म्हैसूरची वाट धरली. साथीच्या दोन वर्षांत तिथला दसरा मोजक्या माणसांत उरकला होता. त्या वर्षी तो पुन्हा पूर्ण थाटात व्हायचा होता. हेही नुकतेच निवृत्त झाले होते. एवढी दोन निमित्ते आम्हांला पुरली.

निघण्यापूर्वी मी माहेरची जुनी रीत पाळली आणि पैशांची चार पाकिटे केली. एक राहण्याजेवणाचे, दुसरे प्रवासाचे, तिसरे हौसेचे आणि चौथे अडीनडीचे. हे हसले. "आता सारा खजिना फोनमध्ये असतो," म्हणाले. मी उत्तर दिले नाही.

पाचवे पाकीट आक्कांनी आणून दिले. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या वन्सं. यजमान जाऊन पुष्कळ वर्षे झाली. कुटुंब-निवृत्तिवेतनावर त्यांचे चालते. कोणे एके काळी यजमानांनी म्हैसूरहून त्यांना रेशमी साडी आणली होती. ती आता विरून गेली होती. नातीचे लग्न ठरले होते, आणि तशीच एक साडी आक्कांना तिला द्यायची होती. पाकिटात सात हजार रुपये होते. "उरले तर तुम्ही दोघे काहीतरी गोड खा," असेही त्या म्हणाल्या.

म्हैसूरला पोचताच पहिल्या पाकिटाला भोक पडले. ऐनवेळी मिळालेल्या खोलीचे भाडे एरवीच्या दुप्पट होते. शहाण्या माणसाने दोन महिने आधी जागा ठरवावी किंवा पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या श्रीरंगपट्टणात उतरावे. राजा वडेयर यांनी १६१० साली या दसऱ्याची परंपरा सुरू केली ती तिथेच. म्हणजे बचतीबरोबर मूळस्थानाचे दर्शनही घडते.

पुढे मात्र एक गोष्ट ध्यानात आली. या उत्सवातले जे उत्तम, त्याला बहुधा दाम पडत नाही. संध्याकाळी राजवाड्यावरचे सुमारे लाखभर दिवे एकाच क्षणी उजळतात, तेव्हा पैसेवाला आणि कफल्लक सारख्याच नजरेने आ वासून पाहतात. जुना लाकडी वाडा १८९७ साली आगीत जळाला आणि १९१२ साली हा नवा पुरा झाला. पण त्या प्रकाशात तो जणू आत्ताच उभा राहिल्यासारखा भासतो. समोरच्या मैदानावर दसऱ्याचे प्रदर्शन भरते. १८८० पासूनची ही प्रथा. तिथे अल्प शुल्कात सारी संध्याकाळ सरते.

देवराज मार्केटात मात्र हौसेचे पाकीट उघडावेच लागले. हळदीकुंकवाच्या रंगीत राशी, म्हैसूर मोगऱ्याचे गजरे, विड्याची पाने, नंजनगूडची रसबाळी केळी. इथे यांच्या खजिन्याची परीक्षा झाली. हजारो माणसे एकाच वेळी फोन काढून उभी, आणि यंत्र नुसते गरगर फिरत राहिले. फुलवाली शांतपणे हात पुढे करून होती. मी पदराखालून दहा-दहाच्या नोटा काढल्या. त्यानंतर हे माझ्या पाकिटांना हसले नाहीत. गर्दीत जाताना सुटे पैसे दोन ठिकाणी विभागून ठेवावेत, आणि चंदन म्हणून रस्त्यावर कोणी काठ्या विकू लागला तर नुसता वास घेऊन पुढे जावे. खरे चंदन सरकारी भांडारातच घ्यावे.

नवमीला साडी घेण्यास गेलो. म्हैसूरची रेशमी गिरणी १९१२ सालची, संस्थानच्या काळातली; आज ती राज्य सरकारच्या महामंडळाकडे आहे. अस्सल साडीच्या जरीत ६५ टक्के चांदी आणि ०.६५ टक्का सोने असते, आणि प्रत्येक साडीवर स्वतंत्र क्रमांक विणलेला असतो. बारीक काठाची, डाळिंबी रंगाची एक साडी मला आवडली. किंमत पंधरा हजार रुपये. आक्कांच्या मनातला भाव त्यांच्या तरुणपणीच थांबून राहिला होता.

आम्ही बाहेर येऊन पायरीवर बसलो. पलीकडच्या गल्लीतल्या एका दुकानदाराने तर हुबेहूब तशीच साडी साडेचार हजारांत दाखवली. "कोणाला कळणार आहे?" तो म्हणाला. खरेच कळले नसते. आक्कांची दृष्टी अधू झाली आहे, आणि नातीला फक्त रंग दिसला असता. वर अडीच हजार उरले असते आणि गोडही खाता आले असते. मी खोटे का बोलू? क्षणभर मन त्या साडीवर रेंगाळले.

हौसेच्या पाकिटात आठ हजारांहून थोडे अधिक शिल्लक होते. दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या आवारात खुर्चीत बसून जंबू सवारी पाहण्याच्या प्रवेशिकांसाठी ते राखले होते. यांच्या निवृत्तीची ती भेट. मी काही बोलण्याआधीच हे म्हणाले, "हत्ती रस्त्यावरूनही तेवढाच मोठा दिसतो." आम्ही उठलो आणि डाळिंबी साडी घेतली.

विजयादशमीला सकाळपासून सयाजीराव रस्त्याच्या कडेला उभे होतो. बडोद्याच्या महाराजांची आठवण करून देणारे ते नाव वाचून उगीच घरच्यासारखे वाटले. शेजारच्या मंड्याकडच्या कुटुंबाने पुलिओगरे दिला, आम्ही दशम्या दिल्या. अखेर साडेसातशे किलोंची सुवर्ण अंबारी आणि तीत विराजमान झालेली चामुंडेश्वरी पाच पावलांवरून गेली. हत्तीच्या गळ्यातल्या घंटेचा नाद पुढे बन्नीमंडपाच्या दिशेने विरत गेला, तरी कोणी जागचे हलेना.

परतल्यावर साडीची पावती लपवावी की काय, यावर आमची प्रवासभर चर्चा झाली होती. शेवटी पावतीसकट घडी आक्कांच्या हाती दिली. त्यांनी चष्मा लावून पावती वाचली, साडीवरून हात फिरवला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वरचे आठ हजार मी देईन. एकदम जमणार नाही."

हे नको म्हणणार होते. मी यांच्याकडे पाहिले. त्या नोव्हेंबरपासून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आक्का पाचशेची एक नोट पाकिटात घालून आणू लागल्या. सोळा महिने आम्ही ती मुकाट्याने घेतली. ती साडी नातीला आम्ही दिलेली नव्हती. तिच्या आजीने दिली होती. शेवटचे पाकीट आले त्या दिवशी आक्का चहाला थांबल्या आणि म्हणाल्या, "आता यंदाच्या दसऱ्याला तुम्ही खुर्चीत बसून हत्ती बघा."