गाडीचं ॲव्हरेज १७ वरून १२ वर आलं, आणि मी पुतण्यावर संशय घेतला



आजची नोंद भाताची नाही, गाडीची आहे. पण शेवटपर्यंत वाचा, शेतातही उपयोगी पडेल.

आमची गाडी जुनी, पेट्रोलची. जोह्याहून पेणला भाजी नेणं, खत-बियाणं आणणं, दवाखाना, सगळं तिच्यावरच. चालवतो बहुतेक पुतण्या. लिटरला १७ किलोमीटर हे ठरलेलं. यंदा गणपतीच्या आधी वहीत हिशेब लिहिताना दिसलं की फेऱ्या तेवढ्याच, पण पेट्रोलचा खर्च जवळजवळ दीडपट.

गणपतीच्या आधी आमच्याकडे मूर्ती न्यायला आलेल्या टेम्पोंची गर्दी असते. उभ्या गाडीत पेट्रोल जळतं हे खरं, पण इतकं? माझ्या डोक्यात वाईट विचार आला. वहिनीसमोरच पुतण्याला विचारलं, "पेट्रोल जातंय कुठं रे?"

पोरगा म्हणाला, "काका, मी दोनदा सांगितलं तुम्हाला. गाडी सुटत नाय, कायतरी धरून ठेवलंय तिला." किल्ली ओट्यावर ठेवली आणि गेला. चार दिवस घरी फिरकला नाही.

मग मी ठरवलं, आधी मोजायचं. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरली, ट्रिप मीटर शून्य केला. पूर्ण टाकी मी एकट्याने चालवली. परत त्याच पंपावर तशीच भरली. २४० किलोमीटर झाले, २० लिटर बसलं. म्हणजे १२. त्या दिवसांत गाडीला माझ्याशिवाय कोणाचा हात लागला नव्हता. पेट्रोल कोणी काढत नव्हतं, गाडीच खात होती. माझं तोंड तिथंच उतरलं.

आता सल्ले सुरू झाले. एक म्हणाला इथेनॉल, दुसरा म्हणाला प्लग बदल, तिसऱ्याने तर इंजिनच खोलायला सांगितलं. खारेपाटात भात पिवळं पडलं की असंच होतं. कोणी युरिया टाक म्हणतो, कोणी झिंक. आणि खरं कारण खारं पाणी असेल तर युरियाचे पैसे वाया जातात. तिथे आधी पाण्याचा आणि मातीचा खारटपणा तपासायला लागतो. म्हणून एक-एक कारण घेऊन तपासलं.

१) इथेनॉल. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी. पेट्रोलमध्ये आधी १० टक्के इथेनॉल होतं, आता २० टक्के आहे. हिशेब केला तर १७ चे साडेसोळाच्या आसपास व्हायला पाहिजेत. १२ होणार नाहीत. म्हणजे इथेनॉलचा वाटा आहे, पण लहान.

२) हवा. चारही टायरमध्ये २४ ते २६. दाराच्या पट्टीवर ३० लिहिलेलं. हवा भरून पुढची टाकी मोजली, साडेबारा आले. फरक पडला, पण थोडा.

३) एअर फिल्टर. धुळीने भरलेला होता, बदलला. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर तुंबला तर ओढ कमी होते, ॲव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी. आमची इंजेक्शनची, त्यामुळे आकडा तसाच राहिला.

४) मग पुतण्याचं बोलणं आठवलं, धरून ठेवलंय. सपाट, रिकाम्या रस्त्यावर गाडी हळू चालवली आणि न्यूट्रल केली. लांबपर्यंत जायला पाहिजे होती, लगेच थांबली. खाली उतरून चाकांजवळ हात नेला (लावू नका, भाजेल). मागचं उजवं चाक तापलेलं, बाकीची तीन कोमट.

पुढच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक सोडला आणि मागची बाजू जॅकवर घेतली. डावं चाक हाताने फिरलं. उजवं दोन्ही हातांनीही जेमतेम हललं.

मेकॅनिकने ड्रम खोलला तर आत तांबडा गंज. हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली, लिव्हर खाली केला तरी पूर्ण मागे येत नव्हती. लायनर ड्रमला घासतच होते. म्हणजे इंजिन गाडी ओढत होतं आणि ब्रेक तिला मागे खेचत होता. लायनर आणि केबल बदलली, आत साफसफाई केली. अडीच हजारांच्या आत काम झालं. आणखी तसंच चालवलं असतं तर ब्रेक निकामी होऊन अपघातही झाला असता.

आता गंज कसा आला? आवणीच्या दिवसांत गाडी वीस दिवस पडवीत उभी होती. आमच्याकडची हवा खारी, त्यात पाऊस, त्यात खाडीच्या बांधावरचा चिखल चाकांत बसलेला. आणि हँडब्रेक दाबून ओढलेला होता. तो पुतण्याने नाही, मी ओढला होता. माझी ती सवयच.

नंतरच्या तीन टाक्या मोजल्या: १६.१, १६.४, १६.३. इथेनॉलचा हिशेब धरला तर गाडी ठीक आहे.

पुतण्याच्या घरी जाऊन वहिनीसमोरच सांगितलं की चूक माझी होती. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आला आणि किल्ली मागून घेतली.

खाडीकाठच्या मित्रांसाठी एवढंच: पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागी, गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा, हँडब्रेक सोडून ठेवा. खाऱ्या चिखलातून आल्यावर चाकं आतून गोड्या पाण्याने धुवा आणि थोडी चालवून ब्रेक सुकवा. ॲव्हरेज वहीत लिहा. आणि गाडी जो रोज चालवतो त्याचं पहिलं ऐका.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर सांगा. पुढच्या नोंदीत वालाची पेरणी.