वर्गात मास्तर परत आले, की…

औषध सुरू झालं की माणसाला बरं वाटू लागतं, असं आपलं सरळ गणित. पण एका आजारात हे गणित मध्येच उलटं दिसतं, आणि तिथं माणूस घाबरून नको ते करून बसतो.

माझा एक जुना विद्यार्थी, आता चाळिशीतला. एचआयव्ही आणि क्षय, दोन्ही एकदमच कळले. आधी क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन आठवड्यांनी एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या. ताप गेला, भूक लागू लागली. एआरटीला तीन आठवडे होतात न होतात तोच पुन्हा ताप आणि मानेला लिंबाएवढी गाठ! घरचे म्हणू लागले, "या नव्या गोळ्याच बाधल्या. बंद कर." त्याचा मला फोन आला, "सर, काय करू?" म्हटलं, "आधी डॉक्टरांकडे जा. त्यांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नकोस."

डॉक्टरांनी गाठ तपासली. क्षयाचे जंतू औषधाला दाद देत नाहीत की काय, गोळ्या चुकल्यात का, दुसरा काही आजार आहे का, हे सगळं पाहिलं. मग सांगितलं, हा 'आयरिस'. मी तो माझ्यापुरता असा समजून घेतला. ज्या वर्गावर कित्येक दिवस मास्तरच नाहीत, तिथं खोड्या चालू असतात, पण रागावणारं कोणी नसतं. मास्तर परत आले की पहिल्या दिवशी त्यांचा आवाज पार व्हरांड्यापर्यंत ऐकू येतो. एचआयव्हीनं खचलेली प्रतिकारशक्ती एआरटीनं परत येते आणि शरीरात उरलेल्या जंतूंवर, मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरसुद्धा, तुटून पडते. ताप आणि सूज ही त्या झटापटीची. कधी कधी तर लपलेला क्षय असा एआरटीनंतरच पहिल्यांदा उघड होतो.

मग एआरटी उशिरा सुरू केली तर? कंबोडियात ६६१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. क्षयाचे उपचार सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी एआरटी घेणाऱ्यांत आयरिस जास्त झाला, पण मृत्यू शंभरात अठरा. आठ आठवडे थांबलेल्यांत ते सत्तावीस. म्हणून आता सहसा थांबत नाहीत. अपवाद मेंदूच्या आवरणाच्या क्षयाचा. तिथली सूज जिवावर बेतू शकते, म्हणून जरा थांबतात. त्रास फार असेल तर डॉक्टर काही दिवस स्टिरॉइड देतात. ते मात्र आपल्या मनानं घ्यायचं औषध नव्हे.

त्याची गाठ दोनेक महिन्यांत ओसरली. गोळ्या चालू आहेत.

आपल्याकडे २००४ पासून सरकारी दवाखान्यांत एआरटी मोफत मिळते. पण ज्या आजाराचं नाव शेजाऱ्यापाशी काढता येत नाही, त्यात मध्यरात्री ताप चढला तर विचारायचं कोणाला? म्हणून वाटतं, पहिली गोळी हातावर ठेवतानाच कोणीतरी सांगावं, "बाबा रे, मध्ये थोडं बिघडल्यासारखं होईल. घाबरू नकोस, लगेच ये, पण गोळी सोडू नकोस." एवढ्या दोन वाक्यांनी एखादा जीव वाचेल.